तू चालवलेली माझी ओळ

विलास,

तू गेल्यावर, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मूर्तिजापूरला तुझ्या दारातल्या मांडवात उभा राहून मी जे बोललो, ते खरे नव्हते. ते खरे नाही हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. समोर बसलेल्यांपैकी काहींना मात्र ठाऊक होते, आणि त्यांनी माना खाली घातल्या. मी त्याला दुःख समजलो.

त्रिशरण-पंचशील झाले, तुझ्या शाळेतले एक गुरुजी बोलले, आणि मग मला उभे केले गेले. मी म्हणालो, "विलास गेला, पण तरुणपणी आम्ही दोघांनी जिच्यावर रक्त आटवले, ती एक ओळ अकोल्याच्या डाळ मिलांमध्ये आजही चालते आहे. तूर आत घ्यायची की बाजूला ठेवायची, हे आजही ती ओळ ठरवते. माणसाचे मागे याहून अधिक काय राहते?" रेखावहिनींनी पदर तोंडाला लावला. आपल्या कार्यालयातली पल्लवी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मग ती नखाने चटईची काडी उकरत राहिली. बोलून खाली बसलो तेव्हा मला हलके वाटले, हे मी लपवत नाही. मित्राला साजेसे बोललो, असे वाटले.

आता ते आठवले की माझी कानशिले तापतात. म्हणून हे लिहितो आहे. तुझ्या चांगुलपणाविषयी इतर लोक लिहितील, आणि ते सर्व खरे असेल. मला तुझ्याकडून एकाच गोष्टीचे उत्तर हवे आहे: इतकी वर्षे तू मला तुझ्या तोलाचा मानत होतास, की नुसता सांभाळत होतास?

ती ओळ काय करत असे हे तुला सांगायला नको. पण मला कोणतीही गोष्ट क्रमाने मांडल्याशिवाय समजत नाही, हा माझा स्वभाव तुला माहीत आहे. डाळ मिलमध्ये तूर आली की तिथली लहानशी प्रयोगशाळा तिची ओल मोजते, फुटका दाणा मोजते, खडा-माती मोजते. मिलमालकाचा नियम असतो: ओल दहा टक्के किंवा त्याहून कमी असेल तर माल घ्या. संगणकात तो हा नियम थोडक्यात लिहितो, `ओल <= 10`. डावीकडे नाव, मध्ये चिन्ह, उजवीकडे आकडा. हे तीन तुकडे संगणकाला वेगळे करता आले, तरच समोरच्या मालाची ओल घेऊन त्याला तुलना करता येते. तुकडे वेगळे करण्यासाठी मी एक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिले होते. अक्षरांचा साचाच तो: आधी काही अक्षरे, मग ठरलेल्या चिन्हांपैकी एक, मग जे उरेल ते. नियम त्या साच्यावर ठेवला की नेमका तीन ठिकाणी सुटा होतो. फक्त एक ओळ. आयुष्यात मी जे काही लिहिले, त्यात मला तिचाच अभिमान वाटत आला.

तिच्या जन्माच्या वेळी तू शेजारी होतास. अमरावतीत शिंप्याच्या दुकानावरची ती खोली, खालून येणारी शिलाई यंत्राची घरघर, आणि आपल्या दोघांत मिळून एक टेबल. नियमात 'ओल' लिहिले तर चालायचे, आणि 'ओलावा' लिहिले की साचा हात वर करायचा. मी पुस्तके उलटीपालटी करत बसलो. तू पडद्याला नाक लावून बसलास, आणि एकाएकी मांडीवर थाप मारून ओरडलास, "अबे श्रीकांत, याले काना अक्षरच वाटत नाही! कान्यापाशी आला का अडून राहिला!" खरेच तसे होते. साच्यात 'अक्षर' कशाला म्हणायचे ही व्याख्या बाहेरून तयार आलेली होती, आणि तिच्यात आपले काने, मात्रा, वेलांट्या बसत नव्हत्या. "म्हंजे आपल्या भाषेचे हातपाय कापूनच आत घेऊन राहिला हा," तू म्हणालास, आणि आपण इतके हसलो की शिंपी वर येऊन विचारून गेला. मग आपण देवनागरीची सगळी चिन्हे साच्यात भरली. ओळ माझी होती. पण तिला मराठी वाचायला तू शिकवलेस.

त्याच दिवसांत आपण आपला नियम केला: आपले आपण तपासायचे नाही. मी लिहिले तर तू चालवून पाहायचे, तू लिहिले तर मी. लिहिणाऱ्याचा डोळा स्वतःच्या चुकीवरून घसरतो, असे तू म्हणायचास. हा नियम आपण इतका पाळला की पुढे तो सवयच झाला. मी ओळीत काही सुधारणा करायची, कागद सरकवावा तशी ती तुझ्याकडे सरकवायची, आणि थोड्या वेळाने तू म्हणायचास, "चालते." त्या एका शब्दावर मी वर्षे काढली. माझी ओळ मी स्वतः कधीही चालवून पाहिली नाही. त्याची गरजच काय होती? तू होतास.

आता त्या दिवसाविषयी लिहितो, ज्याच्याविषयी आपण दोघेही पुन्हा कधी बोललो नाही.

अकोल्याच्या गोपाळशेठांची मिल. आपले पहिले गिऱ्हाईक. सकाळपासून चांगली कोरडी तूर येत होती, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर एकच उत्तर: बाजूला ठेवा. हमाल थांबले होते. शेठ गादीवरून उठून आले आणि म्हणाले, "अरे साहेब, तुमचं मशीन तर एकादशी धरून बसलं! काही खातच नाही!" मुनीम हसला, हमाल हसले. मी घामाघूम झालो होतो. तू माझ्या खांद्यावरून पाहिलेस आणि अगदी सहज म्हणालास, "शेठ, हे श्रीकांतचं चुकलं. मोठं चिन्ह आंधी लिवाले पायजे होतं. दोन मिन्टं द्या."

तू म्हणालास ते अक्षरशः बरोबर होते. मी चिन्हे लहानापासून लिहिली होती, आधी `<` आणि नंतर `<=`. साचा यादी पहिल्यापासून वाचतो आणि जे पहिले जुळेल ते उचलतो; त्यामुळे `<=` समोर असले तरी तो `<` वरच समाधान मानत होता, आणि मागे उरलेले `=` दहाच्या अंगाला चिकटत होते. `= 10` हा काही आकडा नव्हे. तुलना व्हायची कशी? तू दोन चिन्हांच्या जागा बदलल्यास आणि तूर आत जाऊ लागली. शेठांनी चहा मागवला.

तुझ्या मनात काही नव्हते. चूक श्रीकांतची, हे तू ज्या सुरात म्हणालास, त्याच सुरात तू स्वतःच्या चुकाही सांगायचास. पण परतीच्या गाडीत मी तुला म्हणालो, "विलासराव, खिडकीशी आपण बसावे." दुसऱ्या दिवशी म्हणालो, "आपला चहा झाला का?" कितीतरी दिवस मी तुला 'आपण' म्हणत राहिलो. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही, कामात कसूर केली नाही. शेवटी तूच एका दुपारी टेबलावर हात आपटलास. "अबे, तू रागावत नाहीस, तू सभ्य होतोस! त्याच्यापक्षा दोन शिव्या दे मले. काहून छळून राहिला?" मी म्हणालो, "मी रागावलेलो नाही." आणि ते म्हणताना मला ते खरेच वाटत होते.

त्यानंतर तू लोकांसमोर माझी चूक कधीच दाखवली नाहीस. मी त्याला तुझा समजूतदारपणा मानले. तो समजूतदारपणा किती खोल गेला होता, हे आता कळते आहे.

वाद मात्र आपण घालत होतो. निदान मला तसे वाटत होते. साचा पुरेसा आहे की नाही, हा तो वाद. बडनेऱ्याच्या फलाटावर, तुझ्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीत, माझ्या दवाखान्याच्या खाटेपाशीसुद्धा. तुझे म्हणणे असे, की साधी तुलना आज साधी आहे. "उद्या शेठ म्हनन, मले दोन्ही बाजूनं हद्द पायजे. परवा म्हनन, मधात 'आनि' पायजे, कंस पायजे. साच्यात साचा किती कोंबशीन? मानूस वाचते तसं वाचू दे ना त्याले. एकेक अक्षर घे, शब्द कर, मंग अर्थ लाव." माझे म्हणणे असे, की जे एका ओळीत होते त्यासाठी शंभर ओळी लिहिणे हा अहंकार आहे. साध्या कामाला साधे हत्यार. मी शांतपणे बोलायचो, तू हातवारे करायचास, आणि ऐकणाऱ्याला वाटायचे की मीच बरोबर आहे.

मग एका संध्याकाळी तू एकदम म्हणालास, "जाऊ दे बे. तू जिंकला. साचाच ठेवू." आपल्यात ठरलेच होते, वाद हरणाऱ्याने दह्यातला गिला वडा खाऊ घालायचा. तू मला गाडीवर घेऊन गेलास. मी दोन प्लेटा खाल्ल्या. माझ्या शर्टावर दही सांडले, तर तू आपल्या रुमालाने ते पुसलेस आणि म्हणालास, "जिंकल्यावर मानसानं जरा नीट खावं." मी फार आनंदात होतो, विलास. तुझ्यासारख्या माणसाला मी पटवू शकलो, याचा तो आनंद होता. त्या आनंदावर मी पुढे कितीतरी वर्षे जगलो. नवीन मुले कामाला आली की मी फळ्यावर तो साचा काढून त्यांना समजावून द्यायचो, आणि तू दाराशी उभा राहून ऐकायचास. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय असायचे, हे आठवण्याचा मी आता प्रयत्न करतो. मला फक्त एवढे आठवते की तू ऐकत असायचास.

तुझे पुण्यानुमोदन आटोपल्यावर पहिल्याच आठवड्यात गोपाळशेठांचा फोन आला. तुझ्याबद्दल हळहळले, आणि मग कामाचे बोलले. फार कोरडी तूर भरडताना फुटते. म्हणून त्यांना आता खालूनही हद्द हवी होती. नियम असा लिहिता आला पाहिजे: `8 < ओल <= 10`. मी मनात म्हणालो, बघ, विलासचा उद्या शेवटी उजाडला. वाईट वाटले, आणि बरेही वाटले. वाटले, साचा थोडा रुंद करून मी तुला अखेरचे उत्तर देतो.

तू नसल्यामुळे चालवून पाहायचे काम पल्लवीकडे आले. मी ओळ वाढवून तिच्याकडे दिली. ती काही वेळाने म्हणाली, "सर, नाही झालं." मी पुन्हा बदल केला. "नाही सर." तिसऱ्या वेळी ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "सर, आज राहू द्या ना. उद्या पाहू."

तेव्हा मी आपला नियम मोडला आणि स्वतः चालवून पाहिले. काहीच बदल नव्हता. मला वाटले, जुनीच प्रत चालते आहे. ते तपासण्यासाठी मी ओळीत मुद्दाम कचरा घातला. आता तर `ओल <= 10` हा साधा नियमसुद्धा अडायला हवा होता. तो अडला नाही. मी संपूर्ण ओळ खोडून टाकली. पडद्यावर उत्तर आले: माल घ्या.

ती ओळ खोडली होती, आणि सर्व काही सुरळीत चालले होते.

"पल्लवी," मी विचारले, "तुला ठाऊक होते?"

ती उठून उभी राहिली. "सर, मले विलासभाऊंनी मनाई केली होती."

"कधीपासून ठाऊक आहे?"

"मी लागली तवापासून. पहिल्याच दिवशी सांगतलं होतं त्याइनं. म्हने, सरांची ओळ काढाची नाही, आन् सरांले सांगाचं नाही."

"आणि बाकीच्यांना?"

तिने मान खाली घातली. मला मांडवातल्या माना आठवल्या.

मग मी शोधले, आणि सापडायला वेळ लागला नाही, कारण तू काही लपवलेच नव्हतेस. तुझी स्वतंत्र फाइल होती. तिचे नाव तू ठेवले होतेस 'वाचक'. एकेक अक्षर घेणारी, शब्द करणारी, मग अर्थ लावणारी. आपल्याकडे प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते. तिच्यावरून कळले की ती फाइल तू गिला वड्याच्या संध्याकाळच्या आधीच लिहून पूर्ण केली होतीस, जोडून टाकली होतीस, आणि मिलांमध्ये चालतीही केली होतीस. म्हणजे तू हरलास असे मला सांगितलेस, तेव्हा वाद संपून गेला होता, आणि तो मी हरलो होतो. माझ्या शर्टावरचे दही पुसताना तुला ते माहीत होते.

एवढ्यावरच थांबला असतास तरी मी कदाचित समजून घेतले असते. पण नोंदी पुढे वाचत गेलो. मी एकदा आकड्यापुढे टक्क्याचे चिन्ह चालावे म्हणून ओळीत सोय केली होती. त्याच दुपारी तू तीच सोय तुझ्या वाचकात केली होतीस. मी मराठी आकडे चालावेत म्हणून बदल केला. तासाभराने तुझा बदल. प्रत्येक वेळी असेच. मी मेलेल्या ओळीला दागिने घालत होतो, आणि तू तसेच दागिने घडवून जिवंत फाइलला चढवत होतास, का, तर मला वाटावे की माझे चालते आहे. आणि मग तू म्हणायचास, "चालते." तू होतास तोवर माझी ओळ खरोखरच चालत होती, विलास. कारण ती तूच चालवत होतास.

याला मी काय म्हणू? शत्रूने केले असते तर शब्द सोपा होता. तू माझे काही हिरावले नाहीस. उलट, मला जे नव्हतेच ते तू इतकी वर्षे पुरवलेस. तरीही मला फसवले गेल्यासारखे वाटते, आणि ते वाटणे कमी होत नाही. तू मला हरण्याचा हक्क दिला नाहीस. मी ज्याला मित्रांमधला वाद समजत होतो, ते एकट्या माणसाचे बोलणे होते. समोरचा केव्हाच उठून गेला होता आणि आपली सावली खुर्चीवर ठेवून गेला होता.

मी मूर्तिजापूरला गेलो. वहिनींनी चहा केला. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "कयलं का भावजी तुमाले?" म्हणजे त्यांनाही ठाऊक होते. मी कप खाली ठेवला.

"मी त्याइले दर साली म्हनत होती, सांगून टाका. ते म्हनत, सांगतो, सांगतो. पन सांगतलं नाही."

"का नाही सांगितले, वहिनी?"

त्या माझ्याकडे सरळ पाहत म्हणाल्या, "तुमाले सांगाची काही सोय हाय का, भावजी? अकोल्याच्या त्या टायमाले तुमी 'आपन' म्हनून राहिले होते, त्याइले घास नोता जात. म्हने, रेखा, याच्यापक्षा यानं मले मारलं असतं तं बरं झालं असतं. म्हने, पुन्यांदा तसं झालं तं मी हा दोस्त गमावून बसन."

मी म्हणालो, "पण मी त्याला कधीच काही बोललो नव्हतो."

"तेच तं," वहिनी म्हणाल्या.

बडनेऱ्यापर्यंतच्या गाडीत मी खिडकीशी बसून ते दोन शब्द उलटसुलट करत होतो. मी आयुष्यभर स्वतःला मृदू समजत आलो. लोकही समजतात. मी कोणावर ओरडलो नाही, कोणाला अपशब्द बोललो नाही, आणि हे माझे गुण आहेत असे धरून चाललो. त्या मृदूपणाचा धाक इतका होता, की माझा सर्वांत जवळचा माणूस एक साधे सत्य माझ्यापासून आयुष्यभर वागवत फिरला, आणि ते खाली ठेवायला त्याला जागा सापडली नाही. हे माझ्या पदरात पडते; मी ते नाकारत नाही. ज्याला चूक सांगता येत नाही, त्याच्याभोवती लोक खोटी व्यवस्था उभी करतात, आणि तिला प्रेम म्हणतात. कदाचित ते प्रेमही असते.

पण तुझ्या पदरातही काही पडते. तू माझ्याविषयी एकदा एक निकाल दिलास आणि तो पुन्हा कधी तपासला नाहीस. मी तेव्हा तरुण होतो, लाजलो होतो, पहिल्या गिऱ्हाइकासमोर उभा होतो. पुढे मला मुले झाली, वडील गेले, दवाखान्यातून मी दोनदा परत आलो. यातल्या कशानेही माझ्यात काही बदलले असेल, असे तुला कधी वाटले नाही? तू नियमाला एकेक अक्षर घेऊन वाचायचास. मला मात्र एका साच्यावर ठेवलेस आणि तीन तुकडे करून मोकळा झालास.

तरीही तुझा 'वाचक' मी वाचला. रागाने वाचायला बसलो, दोष काढायलाच. विलास, ते सुंदर आहे. इतके स्वच्छ, की वाचताना मला तुझा हातवारे करणारा आवाज ऐकू येत होता. आणि एक गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही: आपण संगणक बदलले, भाषा बदलल्या, सर्व काही दोनदा नव्याने उभारले, प्रत्येक वेळी तू माझी ती निरुपयोगी ओळ नव्या घरात सोबत नेलीस. नव्या भाषेच्या रीतीप्रमाणे ती काळजीपूर्वक लिहून काढलीस. कोणीही ती वाचत नसताना. याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझी गचांडी धरावी, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही मनात येते, आणि एकाच वेळी येते.

शेठांचे काम राहिलेच होते. मी ते तुझ्या वाचकात केले. माझ्या साच्याला पुन्हा हात लावला नाही. लिहून झाल्यावर पल्लवीला घेऊन अकोल्याला गेलो. गोपाळशेठ आता थकले आहेत, पण गादी सोडलेली नाही. मुनीम होता, हमाल होते, प्रयोगशाळेतली मुलगी ओल मोजून आकडे देत होती. शेठांनी स्वतः नियम लिहिला: `8 < ओल <= 10`. पहिलाच माल नऊ टक्क्यांचा होता, अगदी हवा तसा. पडद्यावर उत्तर आले: बाजूला ठेवा. दुसराही बाजूला.

मुनीम माझ्याकडे पाहू लागला. मी पडद्याकडे पाहत होतो आणि मला काही दिसत नव्हते.

पल्लवी माझ्या शेजारून म्हणाली, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात, "सर, तुमचं चुकलं इथं."

ती म्हणाली, आणि लगेच तिने ओठ मिटले. तिचा चेहरा उतरला. आपण काय करून बसलो हे तिच्या लक्षात आले असावे; बडनेऱ्याची ती साधी मुलगी, तिला तू नीट शिकवून ठेवले होतेस. माझ्या आत ते चढू लागले, मानेपासून वर, थंडगार. ते मी या वेळी ओळखले. माझ्या जिभेवर वाक्य तयार होते: "पल्लवीताई, आपण पाहून घ्यावे." अगदी तयार होते.

मी म्हणालो, "कुठे? दाखव."

तिने वाकून पडद्यावर बोट ठेवले. "आकडा डाव्या हाताले आला ना सर, तं तुमी बाजू बदलल्या, पन चिन्ह तसंच ठेवलं. आठ हे ओलीपक्षा लहान, याचं तुमी ओल आठापक्षा लहान करून टाकलं."

खरे होते. बाजू उलटल्या तर चिन्हही उलटले पाहिजे, एवढे साधे. मी म्हणालो, "बरोबर आहे. माझे चुकले, शेठ." ते म्हणायला जड गेले. पण ते म्हणून झाल्यावर छत कोसळले नाही. मुनीम आपल्या कामाला लागला. शेठ म्हणाले, "चुकतं हो साहेब, दुरुस्त करा," आणि त्यांनी जांभई दिली. इतकेच. याच एका क्षणापासून तू मला आयुष्यभर वाचवत आलास.

मी चिन्ह बदलले. पल्लवीने चालवून पाहिले. नऊ टक्क्यांचा माल आत गेला, सातचा बाजूला पडला.

स्टेशनाकडे येताना रिक्षातच, समोर पाहत, ती हळूच म्हणाली, "सर, तुमी रागावले का?"

"हो," मी म्हणालो. "फार रागावलो आहे. पण तुझ्यावर नाही."

तिने मान हलवली आणि कोणावर ते विचारले नाही.